अवजारांची पेटी : एलन चावी घ्यावी कशी, वापरावी कशी



आपल्या घरात विळा, खुरपे, कोयता यांची जागा ठरलेली असते. विळ्याला धार कधी लावायची, कुऱ्हाडीचा दांडा कधी बदलायचा, हे कोणी सांगावे लागत नाही. पक्कड, डिसमिस, दोन-चार पानेही पेटीत सापडतात. पण इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वाकवलेली ती सहा कोनांची सळई मागितली, की घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. ‘परवा इथंच तर होती की!’ एवढेच उत्तर मिळते. तिला कोणी एलन की म्हणते, कोणी एलन चावी, कोणी एल पाना. आज या चावीबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. एवढीशी सळई, तिच्यावर काय लिहायचे, असे म्हणू नका. तिच्यापायी आमच्या घरावर मोठे संकट येता येता टळले आहे.

आमच्या हिंजवडीत आवणीचे दिवस होते. मजूर मिळेना, म्हणून घरची सगळी माणसे दिवसभर खाचरात. संध्याकाळी म्हशींसाठी कुट्टी करायला कडबा कुट्टीचे यंत्र सुरू केले, तर पुली फिरते आणि शाफ्ट मात्र जागचा हलत नाही. पुली शाफ्टवर घट्ट धरणारा ग्रब स्क्रू ढिला झाला होता. पेटीत एक जुनी एलन चावी सापडली. ती स्क्रूच्या खळग्यात गेली, पण जरा डगडगली. म्हटले, चालेल. जोर लावला आणि ‘कट्’ असा आवाज झाला. चावी घसरली होती आणि खळग्याचे सहाही कोपरे गोल झाले होते.

स्क्रू ढिलाच होता, त्यामुळे ठोकून ठोकून कसाबसा बाहेर निघाला. पण नवा कुठून आणायचा? म्हशी हंबरत होत्या, बाहेर पाऊस कोसळत होता. पेटीतला एक साधा षटकोनी डोक्याचा बोल्ट त्याच आट्यात बसला. तो पान्याने आवळून टाकला. डोके बोटाच्या पेराएवढे पुलीबाहेर राहिले, पण यंत्र चालू झाले आणि मी समाधानाने जेवायला बसलो.

तिसऱ्या दिवशी आई यंत्राशेजारी सांडलेली वैरण गोळा करायला वाकली आणि तिचा पदर त्या फिरत्या डोक्यात अडकला. मी बटणापाशीच होतो, आणि पट्टा जुना, ढिला होता म्हणून तो पुलीवरून उतरला. लुगडे फाटण्यावर निभावले. पट्टा नवा आणि ताठ असता तर काय झाले असते, ते लिहायला आजही हात धजत नाही.

पुढे या स्क्रूचा इतिहास वाचला, तेव्हा माझी चूक मला नीट कळली. ज्या १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर आपला कारखाना वसवला, त्याच साली अमेरिकेत हार्टफर्ड गावच्या विल्यम अॅलन यांना असे स्क्रू बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. त्या काळी कारखान्यात छताखालून एक लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरच्या पुल्यांवरून पट्टे खाली एकेका यंत्राला जायचे. पुली शाफ्टवर धरायला चौकोनी डोक्याचे स्क्रू असत आणि ती डोकी बाहेर आलेली असत. कामगाराची बाही, सदरा त्यात अडकायचा आणि माणूस शाफ्टभोवती ओढला जायचा. यावर उपाय म्हणून डोके नसलेला, पुलीच्या आत पूर्ण बुडणारा स्क्रू आला. फिरवायला त्याच्या माथ्यावर सहा कोनांचा खळगा आणि त्या खळग्यात बसणारी सहा कोनांची चावी. त्या स्क्रूला ‘सुरक्षा स्क्रू’ असेच म्हणत. आणि मी काय केले? शंभर वर्षांपूर्वी घालवलेला धोका एका डगडगत्या चावीपायी माझ्या हाताने गोठ्यात परत आणला.

म्हणून आजची मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. पुलीत बुडालेला स्क्रू बुडालेलाच राहिला पाहिजे. तो तसा ठेवायचा तर घरात बरोबर मापाची, चांगल्या पोलादाची चावी हवी.

आता ही चावी आपल्याकडे कुठे कुठे लागते ते बघा. कडबा कुट्टीच्या, भात गिरणीच्या आणि पिठाच्या चक्कीच्या पुलीवर, पंपाच्या कपलिंगवर आणि टेबल फॅनच्या पात्यावर बहुधा ग्रब स्क्रू असतो. गवत कापायच्या यंत्राला, म्हणजे ब्रश कटरला, जागोजागी एलन बोल्ट असतात. पॉवर वीडरवर, मोटारसायकलच्या इंजिनावर आणि डिस्क ब्रेकवर, पोरांच्या सायकलीच्या हँडलला आणि सीटलाही तेच. वहिनींच्या शिलाई मशीनला मोटर बसवली असेल, तर तिच्या छोट्या पुलीतही असाच स्क्रू बघायला मिळेल.

हिंजवडीची आणखी एक गंमत सांगतो. हे भाताचे गाव. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहिला, आणि अनेक शेतकऱ्यांनी भाड्याने द्यायला खोल्या बांधल्या. भाडेकरू येतात, खोक्यातून सुटी खुर्ची-टेबले आणतात आणि त्या खोक्यातल्या फुकटच्या चावीने जोडतात. खोली सोडताना ती चावी मागे राहते आणि आपल्या पेटीत जमा होते. अशा चाव्या बहुतेक मऊ पोलादाच्या असतात. एकदा खुर्ची जोडली की त्यांचे काम संपले. त्यांनी कुट्टीची पुली आवळायला जाल, तर चावीही पिळेल आणि स्क्रूही जाईल. त्या चाव्या आजच वेगळ्या काढा.

आता मापाकडे वळू. सगळी गोम इथेच आहे. एलन चाव्या दोन मापांत येतात, एक मिलिमीटरची आणि दुसरी इंचाची, म्हणजे आपल्या मिस्त्रीच्या भाषेत सुताची. आठ सुतांचा एक इंच. माझी ती जुनी चावी दीड सुताची होती. दीड सूत म्हणजे ४.७६ मिलिमीटर, आणि स्क्रूचा खळगा होता ५ मिलिमीटरचा. फरक पाव मिलिमीटरचा. पण तेवढ्या फटीमुळे चावीची सपाट बाजू खळग्याच्या बाजूला टेकत नाही, फक्त कोपरे टेकतात. सगळा जोर सहा टोकांवर आला, की ती टोके तासली जातात. दोन सुताच्या, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या खळग्यात ६ ची चावी घातली तरी हेच होते. सव्वा सूत आणि ४ मिलिमीटर, अडीच सूत आणि ८ मिलिमीटर यांत मात्र फरक फारच थोडा आहे. त्यामुळे एखाद्या ठिकाणी जमून जाते, आपल्याला वाटते सगळीकडे जमेल, आणि तिथेच माणूस फसतो.

आज आपल्याकडे विकली जाणारी बहुतेक यंत्रे मिलिमीटरची आहेत. म्हणून पहिला संच मिलिमीटरचाच घ्या. त्यात दीड, दोन, अडीच, तीन, चार, पाच, सहा, आठ आणि दहा अशा नऊ चाव्या असतात. एवढ्यात शेतकऱ्याचे जवळजवळ सगळे काम भागते. जुने किंवा परदेशी यंत्र घरात असेल तरच सुताचा संच घ्या, आणि तो वेगळ्या पिशवीत ठेवा. दोन्ही एकत्र ठेवले, की घाईत हात चुकलाच समजा.

स्क्रूच्या जाडीचा आकडा आणि चावीचा आकडा एक नसतो, हेही ध्यानात धरा. ग्रब स्क्रूला साधारण निम्म्या मापाची चावी लागते. ६ मिलिमीटरच्या ग्रब स्क्रूला ३ ची, ८ च्या स्क्रूला ४ ची, १० च्या स्क्रूला ५ ची आणि १२ च्या स्क्रूला ६ ची. गोल, उंच डोक्याच्या नेहमीच्या एलन बोल्टचे गणित वेगळे. तिथे ६ च्या बोल्टला ५ ची, ८ च्या बोल्टला ६ ची, १० च्या बोल्टला ८ ची आणि १२ च्या बोल्टला १० ची चावी. हे आकडे खडूने गोठ्याच्या दारामागे लिहून ठेवले तरी पुरे.

दुकानात गेल्यावर काय बघायचे? प्रथम प्रत्येक चावीवर तिचे माप कोरलेले आहे का ते बघा. नुसत्या पिशवीवर छापलेल्या मापाचा पुढे उपयोग नाही. मग चावीचे टोक उजेडात धरा. ते काटकोनात, साफ कापलेले असावे. कडा स्पष्ट असाव्यात आणि टोकाला लोखंडाची चिवटी लोंबत नसावी. पोलाद कोणते ते विचारा. क्रोम व्हॅनेडियम हे चांगले चिवट पोलाद आहे. ‘एस २’ नावाचे पोलाद त्याहूनही कठीण असते. नुसते ‘स्टील’ एवढेच लिहिले असेल तर जपून. चावी मऊ असली तर पिळते, आणि पोलाद नीट तापवून मुरवलेले नसले तर ती काचेसारखी तुटून हाताला लागते.

सगळ्यात पक्की परीक्षा सोपी आहे. जाताना खिशात एक नवा ५ ची चावी लागणारा एलन बोल्ट घेऊन जा. चावी त्यात घालून हलवून बघा. जोर न लावता आत गेली पाहिजे, पण डगडगता कामा नये. दुकानदार हसला तर हसू द्या. बैल घेताना आपण दात बघतोच ना?

टोकाला गोळी असलेल्या चाव्याही मिळतात. त्या थोड्या तिरक्या धरूनही फिरतात, म्हणून अडचणीच्या जागी सोयीच्या असतात. पण गोळीची मान बारीक असते. त्या टोकाने ढिला स्क्रू फिरवावा. पहिला जोर आणि शेवटचा आवळा मात्र दुसऱ्या, सपाट टोकानेच द्यावा. चाकूसारखा मिटणारा संच खिशात बरा. पण पुलीच्या आडोशाला तो जात नाही आणि जोरही पुरेसा बसत नाही. घरच्या पेटीसाठी सुट्या, लांब दांड्याच्या चाव्याच उत्तम.

आता वापर. आधी यंत्र बंद करा, मोटरचा मेन स्विच काढा आणि चाक पूर्ण थांबेपर्यंत हात लावू नका. मग खळगा साफ करा. आपल्या यंत्रांच्या खळग्यात चिखल, भुसा आणि घट्ट झालेले ग्रीस भरलेले असते. त्यामुळे चावी निम्मीच आत जाते आणि वरचेच कोपरे तासते. जुनी सुई किंवा बाभळीचा काटा घेऊन खळगा तळापर्यंत कोरा. चावी घातल्यावर ती तळाला टेकली, हे बोटाला कळले पाहिजे.

एलन चावीला दोन पाय असतात, एक आखूड आणि एक लांब. घट्ट स्क्रू सोडवताना आखूड पाय खळग्यात आणि लांब पाय हातात. त्याने जोर मिळतो. स्क्रू ढिला झाला की चावी उलटी करा. लांब पाय खळग्यात घालून आखूड पाय भराभर फिरवा. त्याने वेळ वाचतो. खळगा सहा कोनांचा असल्यामुळे दर ६० अंशांवर, म्हणजे वर्तुळाच्या सहाव्या भागावर चावी काढून पुन्हा घालता येते. म्हणून अरुंद जागेतही काम होते. एका हाताचा अंगठा चावीच्या वाकावर दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने सावकाश, सलग ओढा. झटके देऊ नका.

स्क्रू हलत नसेल तर चावीला पाइप लावू नका. चावीचा दांडा जेवढा लांब ठेवला आहे, तेवढाच जोर तो स्क्रू सोसतो, असा हिशेब त्यात आहे. ६ मिलिमीटरच्या साधारण मजबूत बोल्टला ५ ची चावी लागते. तिच्या सुमारे ८ सेंटिमीटर दांड्याच्या टोकाला दहा-बारा किलोच्या वजनाएवढी ओढ पुरे असते. भरल्या घागरीएवढाच हा जोर. गडी माणसाचा हात त्याच्या दुप्पट जोर सहज लावतो, म्हणून बारीक स्क्रू आवळताना हात आवरावा. ब्रश कटरचे आणि इंजिनाचे कवच अॅल्युमिनियमचे असते. तिथे जास्त आवळले तर आटेच निघून येतात.

गंजलेल्या स्क्रूवर तेल किंवा डिझेलचे चार थेंब सोडा आणि रात्रभर थांबा. सकाळी खळग्यात चावी घालून तिच्या माथ्यावर हातोडीने दोन-तीन हलके टोले द्या, म्हणजे गंजाची पकड सुटते. मग आधी किंचित आवळून बघा आणि नंतर सोडवा.

एवढे करूनही खळगा गोल झालाच, तर घाबरू नका. किंचित मोठी सुताची चावी हलकेच ठोकून बसवली, तर पुष्कळदा पकड मिळते. माझ्या त्या दीड सुताच्या चावीसारख्या चाव्या निदान अशा वेळी उपयोगी पडतात, पण माप खळग्यापेक्षा मोठे पाहिजे. डोके वर असलेला एलन बोल्ट असेल, तर करवतीने डोक्यावर खाच पाडून डिसमिस लावा. पुलीत बुडालेला ग्रब स्क्रू मात्र वर्कशॉपमध्ये नेऊन ड्रिलने काढून घ्यावा. कोणत्याही मार्गाने काढलेला स्क्रू पुन्हा वापरू नका. नवा ग्रब स्क्रू किरकोळ किमतीत मिळतो. त्याच जाडीचा, त्याच आट्याचा आणि पुलीबाहेर डोकावणार नाही एवढ्याच लांबीचा घ्या. असे चार स्क्रू जादा आणून डबीत ठेवले, तर पावसात माझ्यासारखी पाळी येणार नाही.

चावीचे टोकही कालांतराने झिजते. चावी टाकून देऊ नका. झिजलेले दोन-तीन मिलिमीटर ग्राइंडरवर काटकोनात घासून काढा. मात्र घासताना ती वरचेवर पाण्यात बुडवा. टोक निळे पडले तर पाणी उतरले समजा. ते टोक पुन्हा मऊच राहणार.

नवा स्क्रू बसवताना शाफ्टवर सपाट केलेली जागा असेल, तर स्क्रू बरोबर तिच्यावर आणा. गोल भागावर आवळलेला स्क्रू लवकर सुटतो आणि शाफ्टही चरतो. तासभर यंत्र चालवून ते बंद करा आणि स्क्रू पुन्हा एकदा आवळून बघा. शेवटी पुलीवर आणि पट्ट्यावर पत्र्याची किंवा जाळीची झाकण बसवा. आमच्या गोठ्यात ती आईच्या त्या प्रसंगानंतर बसली. आधीच बसायला हवी होती.

शेतीच्या यंत्रांनी किती हात गेले, याची जाणीव सरकारलाही झाली. १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. त्यात इंजिनावर किंवा मोटरवर चालणारे मळणी यंत्र धोकादायक यंत्र म्हणून नाव घेऊन घातले आहे. पण कायदा गोठ्यात येऊन स्क्रू आवळत नाही. ते काम घरातल्या माणसाचेच.

शेवटी साठवणीबद्दल. मुळशीच्या पावसात लोखंड चार दिवसांत तांबडे होते. काम झाले की चाव्या पुसा, तेलाचा हात फिरवा. लाकडाच्या एका ठोकळ्याला नऊ भोके पाडा आणि प्रत्येक भोकाशेजारी माप लिहा. रिकामे भोक लांबूनही दिसते, त्यामुळे चावी कुठे हरवली याचा शोध त्याच दिवशी लागतो. ४ आणि ५ ची चावी जास्त वापरात येते आणि जास्त हरवते. तिला लाल रंगाचा पट्टा ओढा, म्हणजे गवतात पडली तरी दिसेल. संध्याकाळी नऊ चाव्या मोजायचे काम पोरांना द्या. त्यांना मजा वाटते, आणि मापेही पाठ होतात.

चैत्रात म्हातोबाची यात्रा झाली, की पेरणीपर्यंत हाताशी थोडा वेळ असतो. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा त्या दिवसांत घरातली सगळी यंत्रे एकदा तपासा. पण पुलीचे काम तेवढेही थांबण्यासारखे नाही. हा अंक हातातून खाली ठेवलात, की मेन स्विच काढून गोठ्यात जा आणि कुट्टीची पुली हाताने सावकाश फिरवून बघा. बोल्टचे डोके बाहेर आलेले दिसले, तर तो बोल्ट बदलेपर्यंत यंत्र चालू करू नका. एक दिवस कुट्टी नाही मिळाली तर म्हशी अख्खा कडबा खातील. घरातल्या माणसाचा हात मात्र पुन्हा मिळत नाही.